पिवळी साल, पांढरा गर

बारामती, १० डिसेंबर १९९५

दादा, जयभीम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. एप्रिलात स्टँडवर भेटून गेलास, त्यानंतर मी तुला चार पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. आता आलंय ते टाइप केलेलं, सात ओळींचं, खाली सहीसुद्धा नाही. बहिणीला लिहितानाही इतकी सावधगिरी बाळगावी लागते, एवढा मोठा साहेब झालास.

सातांपैकी तीन ओळींत मी चौकशीत काय सांगायचं ते आहे. ‘खोकं सीलबंद आलं, मी फळं तपासली, आकडे लिहिले, फळं कुठली होती याची मला माहिती नाही.’ पाठ करायला सोपं जावं म्हणून छोटी छोटी वाक्यं केलीस ना? लहानपणी मला पाढे असेच पाठ करून घ्यायचास.

बारा जानेवारीला इंदापूरला तुमच्या संस्थेच्या कार्यालयात मला बोलावलंय. तिथं सगळं क्रमानं सांगावं लागेल. म्हणून आधी तुझ्यापुढे क्रमानं मांडते. चुकलं तर सांग.

सुरुवात माझ्या एम.एस्सी.च्या वहीपासून झाली, हे तरी कबूल आहे ना? शेळगावच्या आपल्या रानातल्या पपया मी दोन हंगाम तपासल्या होत्या. हिरवी कच्ची, खाली पिवळा पट्टा पडलेली, अर्धी पिवळी आणि झाडावरच पूर्ण पिकलेली. प्रत्येकीचा गर वाटायचा, त्यातला पिवळा रंग काढायचा आणि मोजायचा. तोच रंग पोटात गेला की त्याचं अ जीवनसत्त्व होतं, ज्यावर डोळे चालतात. झाडावर पिकलेल्या पपईत शंभर ग्रॅमला नऊशे मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळाला. पट्टा पडल्यावर उतरवून घरात चार दिवस ठेवलेलीत सातशे. आणि पट्टाही न पडलेली हिरवी उतरवून कार्बाईडची पुडी घालून ठेवली, तर दोन दिवसांत साल तेवढीच पिवळी झाली, आत मात्र दोनशे-सव्वादोनशे. क जीवनसत्त्वही तसंच कमी. गोडीचंही तेच. केळ्यात पिष्ट असतं, ते तोडल्यावरही साखर होत राहतं. पपईत पिष्ट जवळजवळ नसतंच, त्यामुळे देठ झाडाला आहे तोवर येईल तेवढीच साखर.

तू ती वही रात्रभर वाचलीस, पुण्याला घेऊन गेलास आणि संस्थेपुढे योजना मांडलीस. इंदापूर तालुक्यातल्या चौदा बालवाड्या, रोज प्रत्येक मुलाला पिकलेल्या पपईची एक फोड. पुरवठ्याच्या करारात ‘पट्टा पडल्याशिवाय फळ उतरवू नये’ ही अट तू स्वतः घातलीस. मला फोन करून वाचून दाखवलीस. त्या दिवशी तू मला फार आवडला होतास, दादा.

मग पुरवठ्याचं काम बागायतदार आप्पासाहेबांना मिळालं. ते म्हणाले, पट्टा पडलेलं फळ आपल्या रस्त्यांवरून टेम्पोत टिकत नाही, शंभरातली तीस फुटतात. तू काय उत्तर दिलंस मला माहीत नाही. गेल्या जानेवारीत मी जिथं काम करते त्या प्रयोगशाळेत पुठ्ठ्याचं खोकं आलं, आप्पासाहेबांच्या मालाचा नमुना म्हणून. सहा पपया. मी तपासल्या. सरासरी आठशे ऐंशी. ‘माल अटीप्रमाणे व उत्तम’ असा अहवाल माझ्या सहीनं गेला आणि फेब्रुवारीत फोडी सुरू झाल्या.

खोकं आलं, तपासलं, आकडे लिहिले. इथपर्यंत तुझी वाक्यं बरोबर आहेत. आकडेही खरे आहेत. पुढचं वाक्य मी म्हणणार नाही. का, ते आज लिहीत नाही.

— ज्योत्स्ना


बारामती, २१ डिसेंबर १९९५

दादा,

पत्राला उत्तर न देता तू प्रयोगशाळेत फोन केलास. मालक समोर बसलेले, मी काय बोलणार? “तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?” एवढं विचारलंस आणि ठेवलास. उत्तर लिहिते. पण ते तुमची बालवाडी आहे त्या वरकुट्याहून सुरू होतं.

आठ मार्चला तूच मला तिथं माता-मेळाव्यात बोलायला पाठवलंस. मी रंगीत तक्ता घेऊन गेले होते. अर्धा तास बोलले, पिकलेली पपई, डोळे, त्वचा, सर्दी-खोकला. बायका पदराआड हसत होत्या, पण ऐकत होत्या. शेवटी एक म्हातारी उठली. भागूबाई. मुलगा बिरदेव मेंढरं घेऊन कोकणाकडं गेलेला, सूनही त्याच्याबरोबर, नात हिच्यापाशी. चार वर्षांची पोर. नाव म्हाळसा.

“बाई,” ती म्हणाली, “ही रोज तुमची पपई खाती. मंग दिवेलागणीला भिताडाला कशी धडाकती?”

मी पोरीकडं पाहिलं. उजेडात छान बघत होती, माझ्या तक्त्यावरची पपई बोटानं खरवडत होती. बुबुळाच्या कडेला पांढऱ्यावर फेसासारखा बारीक डाग होता. दोन्ही डोळ्यांत.

बालवाडी चालवणाऱ्या फुलाबाई उठल्या. आत गेल्या, त्या दिवशीच्या पाटीतली एक पपई आणली आणि सगळ्यांसमोर माझ्या तक्त्याखाली उभी चिरली. साल हळदीसारखी पिवळी, आत दुधी भोपळ्यासारखा पांढरट गर. बिया पांढऱ्या. “रोज असलीच येतीया,” त्या म्हणाल्या. “पोरं थुकत्यात. आमी साखर लावून चारतो. तुमी सांगितलंया ना, चारा म्हनून.”

दादा, त्या तीसेक बायकांपुढे मी काय म्हणाले असेन? म्हणाले, “एखादं फळ असं निघतं.”

भागूबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, पोरीला डॉक्टरला दाखवा. कोणत्या डॉक्टरला, काय म्हणून, ते सांगितलं नाही. आरोग्य केंद्रात अ जीवनसत्त्वाचं पातळ औषध असतं, चमच्यानं पाजतात, फुकट. ‘पोर रातांधळी आहे’ एवढे शब्द तिथं बोलले असते तर त्याच दिवशी मिळालं असतं. ते शब्द मी म्हाताऱ्या बाईला शिकवले नाहीत. शिकवले असते तर नोंद झाली असती, आणि पुढचा प्रश्न आला असता, रोज पपई खाणारी पोर रातांधळी कशी? म्हातारी इंदापूरच्या एका खाजगी दवाखान्यात गेली, तिथून टॉनिकची बाटली घेऊन आली.

फुलाबाईंकडून मी दोन पपया पिशवीत घालून आणल्या. मोजल्या. दोनशे दहा, एकशे नव्वद.

आकडे तुला कळवल्यावर एप्रिलात तू बारामतीला आलास. स्टँडवरच्या हॉटेलात आपण चहा घेतला, तू बिस्किटाचा पुडा फोडलास आणि एकही खाल्लं नाहीस.

“जूनमध्ये करार नवा होतोय,” तू म्हणालास. “तोवर गप्प बस. मी माणूस बदलतो.”

“आणि तोवर मुलं?”

“तोवर काय, फोडच खातायत ना? विष तर नाही खात. ज्योती, ही योजना बुडाली तर तिथं काय बोलतील माहितेय तुला? ह्यांच्या माणसाकडं दिली आणि बुडवली. माझ्यानंतर आपल्यातला एक जण घेणार नाहीत. तू त्या टेबलांपुढे बसलेली नाहीस.”

ते खरं होतं. मी त्या टेबलांपुढे बसलेली नाही. म्हणून गप्प बसले.

जून गेला. करार नवा झाला, आप्पासाहेबांशीच. ऑगस्टात वरकुट्यात गोवर आला. सगळ्या पोरांना आला आणि उतरला. म्हाळसाचा उतरला तेव्हा तिचे दोन्ही डोळे मिटलेले होते आणि पापण्यांतून पाणी गळत होतं. फुलाबाईंनी प्रयोगशाळेत निरोप धाडला. मी गेले, भागूबाई, पोर आणि मी पुण्याला गेलो. डॉक्टरांनी पापणी उचलली आणि मला विचारलं, “तुम्ही शिकलेल्या दिसता. इतके महिने काय करत होता?” मी पोरीची कोण, हेही त्यांना माहीत नव्हतं. डाव्या डोळ्याचं बुबुळ विरघळून गेलं होतं. उजव्या डोळ्यासाठी त्यांनी तेच पातळ औषध पाजलं. दोन दिवसांत दोन चमचे. तो डोळा वाचला.

दोन चमचे, दादा. मार्चमध्ये ते फुकट होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी संस्थेला लिहिलं आणि ही चौकशी लागली, पण पपईनं डोळा गेला असं मी म्हणत नाही. गोवरानं गेला, उपाशीपणानं गेला. फक्त सहा महिने त्या पोरीला डोळ्यांचं म्हणून जे खायला घातलं, त्यात डोळ्यांचं काही नव्हतं, आणि हे तालुक्यात दोनच माणसांना ठाऊक होतं. दोघं एका आईची.

मी कुणाच्या बाजूची, तू विचारलंस. मार्च ते ऑगस्ट मी तुझ्या बाजूची होते.

— ज्योत्स्ना


शेळगाव, ३१ डिसेंबर १९९५

दादा,

सुट्टी काढून घरी आलेय. आई बरी आहे. गुडघे धरतात. तुझा फोटो भिंतीवरून काढून पुसून परत लावला तिनं, काल सकाळी.

आबांना मी सांगायचं नाही असं ठरवून आले होते. पण चौकशीची बातमी गावात आधीच आलेली. आबा रानात पपईच्या ओळीत आळी नीट करत होते. मला पाहून खोरं टेकवून उभे राहिले.

“तुझ्या दादावर काय आलंया म्हनं?”

मी विचारलं, “आबा, गेल्या जानेवारीत दादा जीप घेऊन आलता का?”

“आलता की. सा पपया न्हेल्या. मोठ्या साहेबाला दावायच्यात म्हनला. मी म्हनलं, हितली एक अजून व्हायची हाय, उद्या ने. तर थांबला बी एक दिस.” त्यांचा चेहरा उजळला होता. “एवढा साहेब मानूस, पर बापाची पपई दावायला न्हेतोय. तुझ्या आईला मी त्या दिशी गोडाचं करायला लावलं.”

“त्या पपयांवर आप्पासाहेबाचं नाव लावलं, आबा. आप्पासाहेबाचा माल म्हून माझ्याकडं तपासाय धाडल्या.”

आबांनी खोरं खाली ठेवलं. मग बांधावर बसले.

“आन पोरांनी खाल्ली ती?”

“ती आप्पासाहेबाची. कच्ची उतरवल्याली. पुडी घालून पिवळी केल्याली.”

“मंजी पास झाली ती माझी, आन चारली ती त्याची.”

“व्हय.”

आबांनी मूठभर माती उचलली, चुरली, टाकली. मग विचारलं, “तुला ठावं हुतं?”

“न्हाय,” मी म्हणाले.

आता तुला ते लिहिते जे दहा तारखेला लिहिलं नाही. मी आबांशी खोटं बोलले.

खोकं उघडलं तेव्हा सहाही देठांना चुन्याचं बोट लावलेलं होतं. फळ उतरवल्यावर चीक गळू नये, देठ कुजू नये म्हणून आबा लावतात. तालुक्यात दुसरं कुणी एवढा उटारेटा करत नाही. आप्पासाहेबांचे मजूर तर नक्कीच नाही. मी पहिलं फळ हातात घेतलं आणि मला कळलं. दुसरं घेतलं. सहाही घेतली. वास आला, आपण पपया ठेवतो त्या घरातल्या माळ्याचा.

खोकं परत पाठवायला मला एक चिठ्ठी पुरली असती. पाठवलं नाही, कारण त्याच्याबरोबर तुमच्या संस्थेच्या छापील कागदावर तुझं पत्र होतं. ‘तपासनीस : कु. ज्योत्स्ना धोंडीबा ओहोळ, एम.एस्सी.’ प्रयोगशाळेत तीन वर्षं मी काम करत होते. अहवाल मी करायचे, सही मालकांचा जावई करायचा, जो बी.कॉम. आहे. माझं नाव पहिल्यांदा छापून आलं होतं. मी त्या कागदावर पेपरवेट ठेवला आणि पपया चिरायला घेतल्या. स्वतःला म्हटलं, दादानं काही विचार करूनच केलं असेल. वजन केलं, वाटल्या, रंग मोजला. फार काळजीपूर्वक मोजला. माझ्या आयुष्यातलं सर्वात अचूक काम मी त्या दिवशी केलं असेल.

तेव्हा बारा तारखेला मी हेही सांगणार आहे. तुझं नाव घेईन, माझंही घेईन. तुला आधी कळवतेय, म्हणजे नंतर बहिणीनं पाठीत वार केला असं म्हणायला नको.

अजून बारा दिवस आहेत. तू स्वतः सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. हे मनापासून लिहितेय. पुन्हा लिहिणार नाही.

— ज्योती


बारामती, १३ जानेवारी १९९६

दादा,

तू खोलीत होतास, तेव्हा काल काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. पण तू बहुतेक वेळ टेबलाच्या कडेकडं बघत होतास, म्हणून काही गोष्टी तुझ्या नजरेतून सुटल्या असतील.

तिघं समोर बसलेले. संस्थेचे सचिव, एक निवृत्त प्राध्यापक आणि एक डॉक्टरीणबाई. मी माझं सगळं सांगितलं. चुन्यासकट. प्राध्यापकांनी योग्य तोच प्रश्न विचारला. म्हणाले, “पपई झाडावर पिकलेली असती तरी ज्या पोरीच्या पोटात तेलातुपाचा थेंब नाही, तिच्या अंगी तो रंग कितीसा लागला असता? डोळा वाचलाच असता, हे सिद्ध करता का?”

मी म्हटलं, नाही करता येत. स्निग्ध पदार्थाशिवाय तो अंगी लागत नाही, हे खरं आहे. पण सर, आम्ही तिच्या आजीला सांगितलं होतं की तिला डोळ्यांचं औषध मिळतंय. म्हणून तिनं दुसरं शोधलं नाही.

त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

मग तुला विचारलं. तू उभा राहिलास, कोटाची गुंडी लावलीस आणि म्हणालास, नमुना आप्पासाहेबांच्याच गोदामातला होता. तपासनीस बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय. त्यांच्या मनावर ताण आहे, लग्नाचं वय उलटून चाललंय, घरच्यांनाही काळजी आहे. दादा, हे तू माझ्यासमोर बोललास. मी तुझ्यापासून पाच हातांवर होते.

मला वाटलं होतं, यापेक्षा वाईट काही होणार नाही.

आबांना मी बोलावलं नव्हतं. आईला इंदापूरच्या बाजाराला जातो असं सांगून ते शेळगावहून पहिल्या एस.टी.नं आले होते आणि सकाळपासून व्हरांड्यात बसून होते. तुझं बोलणं संपल्यावर शिपायानं सांगितलं, एक म्हातारा आत यायचं म्हणतोय. ते आले. पांढरा सदरा, डोक्याला पटका, हातात पिशवी. त्यांनी टेबलावर पपई ठेवली. देठाला चुना.

“साहेब, म्या धोंडीबा ओहोळ. त्या सा पपया माझ्या रानातल्या. माझ्या ल्योकानं न्हेल्या. म्या सोता उतरून दिल्या.”

सचिवांनी विचारलं, “एक वर्षापूर्वीच्या फळांबद्दल तुम्ही कशावरून सांगता?”

“फळाचं न्हाय सांगत. ल्योक आलता त्ये सांगतो. त्यो इसरला आसंल, म्या न्हाय इसरलो.”

सगळे तुझ्याकडं बघायला लागले. आणि तू हसलास. अगदी थोडंसं, साहेबांना साहेब हसतो तसं. म्हणालास, “हे माझे वडील आहेत. अडाणी आहेत, वय झालंय. त्यांना काही कळत नाही. कुणीतरी शिकवून पाठवलंय.”

अडाणी. दादा, तू चौथीत असताना शेळगावहून इंदापूरला तुला खांद्यावर बसवून परीक्षेला नेणारा माणूस. तुझं नाव बुद्धघोष ठेवायला आजा तयार नव्हता तर आठ दिवस त्याच्याशी न बोलणारा माणूस. त्या खोलीत तुझ्या तोंडून ‘अडाणी’ हा शब्द बाहेर पडला तेव्हा सचिवांचे खांदे सैल पडले. मी पाहिलं ते. त्यांना हवा तो शब्द तू दिलास. ते स्वतः म्हणू शकले नसते. तू त्यांचं काम सोपं केलंस.

आबांनी पपई परत पिशवीत घातली. “बरं,” एवढंच म्हणाले, हात जोडले आणि बाहेर आले.

मी मागोमाग गेले. स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. शेळगावची गाडी लागली तेव्हा पायरीवर पाय ठेवून ते थांबले. म्हणाले, “त्यो बोलला त्ये खरं हाय. मला कळलं न्हाय. एवढी वरसं कळलं न्हाय.”

आणि गाडीत चढले. मला बरोबर चल म्हणाले नाहीत. मीही गेले नाही, कारण त्यांनी पुन्हा एकदा विचारलं असतं, तुला ठावं हुतं का. खोलीत मी सांगितलं तेव्हा ते बाहेर व्हरांड्यात होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला अजून माहीत नाही.

— ज्योत्स्ना


कोऱ्हाळे बुद्रुक, २ एप्रिल १९९६

दादा,

पत्ता बदललाय. प्रयोगशाळेच्या मालकांनी फेब्रुवारीतच मला मोकळं केलं. इथल्या शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते, जूनपर्यंत.

तुमच्या संस्थेचा निष्कर्ष मला टपालानं आला. ‘नमुना तपासणीत तपासनीसाकडून गंभीर हलगर्जीपणा. अधिकाऱ्यास समज देण्यात येत आहे. पपईचे वाटप स्थगित.’ हलगर्जीपणा माझा होताच, तेव्हा तो शब्द मी नाकारत नाही. आप्पासाहेबांचा उल्लेख कुठंच नाही. फुलाबाई सांगत होत्या, आता तेच बालवाड्यांना बिस्किटं पुरवतात. बिस्किटं पिकायची वाट बघावी लागत नाही.

मागच्या रविवारी वरकुट्याला गेले होते. हिंमत करायला अडीच महिने लागले. भागूबाईंना मी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. मार्चमध्ये मला काय ठाऊक होतं, काय सांगायला हवं होतं, कुणाच्या भीतीनं सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “बाई, तुमच्या रडण्याचं मी काय करू? एक डोळा हाय अजून. त्यो कसा राखायचा त्ये सांगा, आन जावा.”

मग सांगितलं. कुंपणाला शेवगा आहे त्यांच्या. त्याचा कोवळा पाला भाजीत, पिठात, रोज मूठभर, आणि त्यावर चमचाभर तेल घालायचंच. दर सहा महिन्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन कोणतं औषध मागायचं, ते नाव त्यांच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. निघताना म्हाळसानं मला ओळखलं की काय कोण जाणे. मान तिरकी करून एका डोळ्यानं बघत होती. मला वाटलं होतं, या भेटीनंतर थोडं हलकं वाटेल. वाटलं नाही.

तुझं कार्ड शेळगावला पोचलं. १४ एप्रिल, नव्या फ्लॅटवर बुद्धवंदना आणि भोजन. खाली निमंत्रक म्हणून आबांचं नाव छापलंयस. त्यांना न विचारता. आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा पूर्ण, दुसऱ्यांदा फक्त स्वतःचं नाव. मग म्हणाले, “मी येत न्हाय म्हून लिही. कारन लिहू नगंस.”

मीही येणार नाही.

आई येतेय. तिला कुणी अडवू शकलं नाही. पंधरा दिवसांपासून तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी, कुरडया, काय काय बांधतेय. बारा तारखेला सकाळच्या गाडीनं बसवून देते, दुपारी एकच्या सुमारास स्वारगेटला उतरेल. स्वतः जा. ड्रायव्हरला पाठवू नकोस, ती अनोळखी माणसाबरोबर गाडीत बसणार नाही आणि तिथला रस्ता तिला एकटीला ओलांडता येत नाही.

इंदापूरला त्या दिवशी तू आबांना काय म्हणालास, ते आबांनी तिला सांगितलेलं नाही. मीही नाही. ते आजारी आहेत म्हणून येत नाहीत, असं ती धरून चाललीय. तुझ्या घरी कुणी विचारलं, तर तेच सांगेल. तू मान हलव.

— ज्योत्स्ना